बिनहुकमाच्या खोलीतला टोप

मित्रांनो, माझ्या बुडाला तीन पोचे आहेत आणि एक कान सैल झाला आहे. मी अल्युमिनियमचा टोप. हमदुल्लाचाचांनी मला रत्नागिरीच्या बाजारात घेतलं, पोटात सुकट आणि आमसुलं भरली आणि विमानाने अबुधाबीला आणलं. त्याला आता बावीस वर्षं झाली.

अबुधाबीच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या आमच्या खोलीत एकाच गावचे सहा जण राहतात. कोणी गॅरेजात, कोणी गोदामात कामाला. जो आधी येई तो माझ्यात तांदूळ टाकी. जो शेवटी जेवी तो मला घाशी. उशिरा येणाऱ्याचा भात झाकणाखाली राही. हे कोणी लिहिलं नव्हतं, कोणी बजावलंही नव्हतं. भाताला नावं ठेवणारे पुष्कळ होते, पण उपाशी कोणी झोपला नाही.

सहांपैकी यहया एका युनिव्हर्सिटीची बस चालवतो. त्या बसने सोलेनबाई नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञ येत-जात. राजा नको, मालक नको, हुकूम नको, असं म्हणणाऱ्या विचाराला अराजकवाद म्हणतात. त्या विचाराने जगात ठिकठिकाणी लोकांनी वस्त्या वसवल्या. बाई अशा वस्त्यांत राहून अभ्यास करत होत्या. बहुतेक वस्त्या चार-पाच वर्षांत मोडल्या होत्या. टिकणारी कशाने टिकते, हे काही त्यांना सापडत नव्हतं.

एकदा यहया सहज बोलून गेला, "मॅडम, हमारे रूम में भी कोई बॉस नहीं." बाईंनी लगेच खोली बघायला यायचा रविवार ठरवला.

खोलीत एकच धांदल उडाली.

"बाई विचारील, तुमच्यात मोठा कोण? कोणीच नाही म्हणून सांगायचं?" हमदुल्लाचाचा म्हणाले. "गावाची इज्जत जाईल."

"मग तुम्हीच प्रेसिडेंट, चाचा," गॅरेजातला मोईन म्हणाला. "दाढी आहेच, आता फक्त खुर्ची आणायची."

चाचांनी ते मनावर घेतलं. फ्रिजवर स्वयंपाकाच्या पाळ्यांची यादी चिकटली.

रविवारी बाईंनी आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, "खाना कौन बनाएगा, ये कौन बोलता है?"

"मैं," चाचा छाती काढून म्हणाले.

"कब से?"

"परसों से," मोईन म्हणाला, आणि सगळे हसले. बाईही हसल्या, पण त्यांचं पेन थांबलं. वही मिटून त्या जेवल्या आणि गेल्या.

यादी मात्र राहिली. पाळी असेल तो मोजून शिजवू लागला, पाळी नसेल तो मला हात लावीना. मोईनने स्वतःचं लहान पातेलं आणलं, मागोमाग यहयाने.

एका संध्याकाळी चाचा दवाखान्यातून दमून आले. त्यांनी माझं झाकण उचललं. आत शीतही नव्हतं.

"माझा भात?"

"आज तुमचीच पाळी होती ना, चाचा," मोईन म्हणाला. "यादी बघा. आम्ही बाहेर जेवलो."

यादी चाचांच्याच अक्षरातली होती. मला मांडीवर घेऊन ते यादीसमोर बसले.

"बाईचं पेन का थांबलं, ते आता कळलं. हुकूम आला आणि भात गेला," ते म्हणाले. उठून त्यांनी यादी फाडली आणि तांदूळ धुतले. सहा जणांचे.  मोईनने खाली बसून कांदा चिरायला घेतला.

पुढे बाईंना पुन्हा बोलावलं. जेवता जेवता त्यांनी तोच प्रश्न विचारला.

"मैं झूठ बोला था, मॅडम," चाचा म्हणाले. "कोई नहीं बोलता. जो आखिर में खाता है, वो टोप धोता है. बस."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांची ताटं रिकामी होती, त्यांचा एकटीचा घास राहिला होता. त्यांनी तो खाल्ला आणि बाह्या वर केल्या.

"अरे मॅडम, छोडिए!" यहया धावला.

"धुऊ दे," चाचा म्हणाले.

बाईंच्या हाताला सवय नव्हती. माझ्या कडेला एक शीत चिकटून राहिलं. चाचांनी ते पाहिलं आणि तसंच राहू दिलं. बाई मात्र हात पुसून वही उघडून बसल्या, त्या उठेचनात.

मित्रांनो, मला चकचकीत राहण्याची हौस नाही. तुमच्या घरी शेवटचा घास तुमचा असला, तर कोणाच्या सांगण्याची वाट पाहू नका. आणि झाकण ठेवण्याआधी, कोण यायचं राहिलं आहे तेवढं बघा.