भैयालालचा गुडघा

गुडघा धरून लंगडण्यात भैयालालचा तिहेरी फायदा होता. चाकाची खुर्ची फुकट, विमानात सगळ्यांच्या आधी प्रवेश, आणि कलकत्त्याला विमान बदलताना ढकलणारा माणूसच पुढच्या गेटवर नेऊन सोडणार, म्हणजे हरवायचं भेव नाही. तिकिटं काढणाऱ्या गुड्डूने हे सांगेपर्यंत त्याचा गुडघा दुखताना अख्ख्या केशोरी गावात कोणी पाहिला नव्हता.

दुखरा गुडघा होता त्याच्या बायकोचा, सुलोचनाबाईचा. तीस वर्षं चिखलात वाकून धानाचा रोवणा करून झिजलेला.

"मंग खुर्ची मले काऊन नाई?"

"तुले लोकाइले विचारता येते. मी पुरुष माणूस, कोणाले रस्ता विचारू?"

गुवाहाटीत लेक रचना एकटी होती, जावई सीमेवर. उद्या सकाळी तिचं बाळंतपणाचं ऑपरेशन. कलकत्त्याहून पुढचं विमान चुकलं, तर दुसरं थेट उद्या दुपारी.

नागपूरला भैयालाल पहिला आत गेला, तिसऱ्या रांगेत बसला. सुलोचनाबाईची जागा सव्विसाव्या रांगेत. दोघांचे पुढच्या विमानाचे पास तिच्याच थैलीत, कारण याच्या हातात कागद टिकत नाही.

कलकत्त्याला दार उघडलं तसा तो उठला. हवाईसुंदरीने हळूच बसवलं. "चेअरवाले सबसे आखिर में."

हे गुड्डूने सांगितलंच नव्हतं.

खिडकीतून त्याला सुलोचनाबाई दिसली. मागच्या दाराने उतरून ती गर्दीबरोबर बसमध्ये चढली. बस गेली. विमान रिकामं झालं. झाडूवाले आले, त्याच्या पायाखालचंही झाडून गेले, तरी खुर्ची येईना. उठून पळावं, तर लबाडी उघडी. पोलिसात दिलं तर? बसून राहावं, तर विमान जाईल, बायको एका शहरात, लेक दुसऱ्या, आणि आपण इथे. खोटा गुडघा त्याने दोन्ही हातांनी आवळून धरला होता.

अर्ध्या तासाने खुर्ची आली. "चाचा, गेट बंद होने में दस मिनट," म्हणत ढकलणारा पळतच सुटला.

लांबच लांब वाटेवर समोरून सुलोचनाबाई आली, भिंत धरत. गेटपर्यंत जाऊन, तो दिसेना म्हणून पास घेऊन परत फिरलेली.

"रचनाचे बाबा, कुठी होते?"

"चाल, लवकर चाल."

ती चार पावलं चालली आणि भिंतीशी खाली बसली. पास त्याच्यापुढे धरला. "तुम्ही जा. पोरीपाशी एक तरी पायजे."

एकट्याने जायचं म्हणजे भैयालालला गुवाहाटीत रस्ता विचारणं आलं. त्याने ढकलणाऱ्याकडे पाहिलं, खाली बसलेल्या बायकोकडे पाहिलं, आणि तो उठला. सरळ.

"कलकत्ते की हवा अच्छी है, चाचा," ढकलणारा म्हणाला, आणि त्याने सुलोचनाबाईला खुर्चीत घेतलं. थैली काखेत मारून भैयालाल मागे धावला. दोघं शेवटी चढली. मागे दार लागलं.

रचनाला मुलगी झाली. नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं म्हणून तर सुलोचनाबाई एवढ्या दूर आली होती. पण कलकत्त्याच्या त्या चालण्याने गुडघा असा फुगला की खाली बसता येईना. महिनाभर शेजारीण येऊन न्हाऊ घालत राहिली, भैयालाल दोन-दोन पायऱ्या चढत पाणी आणून देत राहिला, आणि सुलोचनाबाई खाटेवरून पाहत राहिली.