क्रुसाच्या वळणावरची घंटी

मित्रांनो, मी घंटी आहे. देवळातली नव्हे, चर्चच्या मनोऱ्यातली नव्हे, आणि शाळा सुटल्याची तर नव्हेच, तेव्हा दप्तरं आवरू नका. एका जुन्या काळ्या सायकलच्या हँडलवर, उजव्या मुठीशेजारी बसलेली मी पितळेची घंटी. साठेक वर्षांपूर्वी सॅन्टन नावाच्या बागायतदाराने वसईच्या बाजारातून सायकल घेतली, तेव्हा तिच्यासोबत मीही आले. मी इतकी चकचकीत होते, की सॅन्टन माझ्यात बघून मिशी सारखी करायचा.

आमचं गाव कळंबच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दोन्ही बाजूंना केळीच्या नि सोनचाफ्याच्या वाड्या, आणि मधल्या वळणावर, रस्त्याच्या उजव्या हाताला चुना लावलेला क्रूस. तिथे आला की सॅन्टन सायकलवरून खाली उतरायचा, टोपी काढायचा, कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा अशी क्रुसाची खूण करायचा आणि मगच पुढे निघायचा.

त्याच्या मुलाला, आग्नेलला, मात्र कायम घाई. तुमच्यासाठी ते सत्तरीतले आजोबा, पण मी त्याला मिसरूड फुटताना पाहिलंय, म्हणून मी अरेतुरेच करणार. पहाटे चाफ्याची करंडी स्टेशनवर पोहोचवायची. उशीर झाला तर फुलं माना टाकणार. मग उतरायला वेळ कुठला? त्याने चालत्या सायकलवरच उजवा हात सोडून खूण करायला सुरुवात केली. वर क्रुसाच्या जवळून जावं म्हणून सायकल रस्त्याच्या मधोमध घ्यायचा. हळूहळू साऱ्या गावाला तीच सवय लागली. तेव्हा रस्त्यावर होतं कोण? दोन बैलगाड्या आणि एखादी एसटी. मी किणकिणले की कोंबड्यासुद्धा बाजूला व्हायच्या. आग्नेलचं लग्न झाल्यावर त्याची क्लेमेंटीन मागच्या कॅरियरवर बसायची आणि म्हणायची, "वाजवा ना जोरात, लोकांना कळू दे आपण चाललो!" ते दिवस आठवले की अजून माझा खटका थरथरतो.

आता रविवारी एव्हरशाईन सिटीच्या उंच इमारतींकडून, आणखी कुठून कुठून मोटारी कळंबला निघतात. काचा बंद, आत गार हवा नि गाणी. माझा आवाज काचेवर आपटून परत येतो. क्लेमेंटीन तीन वर्षांपूर्वी गेली. दर रविवारी आग्नेल सायकलवरून चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला जातो आणि मिस्सा झाली की तिच्या कबरीवर चाफ्याची चार फुलं ठेवतो. एवढं एकच काम आता आम्हा दोघांना उरलंय.

गेल्या उन्हाळ्यात असंच निघालो होतो. क्रूस दिसला, आग्नेलने मागे न बघता सायकल मधे घेतली आणि हात कपाळाला नेला. मागून मोटार आली. त्या हाताचा अंगठाच माझा आवाज; तो वर गेलेला, मी मुकी. मोटारीचा आरसा खाडकन माझ्यावर आदळला आणि आग्नेल डावीकडच्या गटारात पडला.

मोटारीतून एक तरुण धावत उतरला. जितेंद्र त्याचं नाव.

"काका, लागलं का हो? माझीच चूक. वाटलं, बाजूने निघेन. हातभर तरी जागा सोडायला हवी होती."

"अर्धी माझी," आग्नेल कण्हत म्हणाला. "मधे आलो, नि मागे बघितलं नाय."

जितेंद्रनेच त्याला दवाखान्यात नेलं. डावं मनगट मोडलं होतं. घरी आल्यावर मुलगी रोझलिन कडाडली, "पप्पा, बस्स झाली सायकल! भंगारवाल्याला देऊन टाकते."

"अगं, हात कपाळाला होता म्हणून बोटं वाचली. घंटीची हालत बघ. क्रुसानेच वाचवलं."

"हात हँडलवर असता तर सायकल मधे गेलीच नसती!"

"मग तुझ्या मम्मीकडे जाऊ कसा?"

"रिक्षाने."

"रिक्षात ती कधी बसली होती माझ्याबरोबर?"

दीड महिना मी ओट्यावर धूळ खात होते. फाटक वाजलं की वाटायचं, आला भंगारवाला. प्लास्टर निघाल्यावर रोझलिन म्हणाली, "एकच रविवार. मी मागून स्कूटरवर येते. एक चूक दिसली, की सोमवारी भंगार."

वळण जवळ आलं. आग्नेलने मागे वळून पाहिलं, सायकल डाव्या कडेला घेतली, ब्रेक लावला आणि खाली उतरला. "माझा बाप असाच उतरायचा," तो पुटपुटला. मग त्याने सावकाश खूण केली. मला सॅन्टनची टोपी आठवली नि भरून आलं.

तेवढ्यात मागे ब्रेक करकचले. रोझलिनची स्कूटर रस्त्याच्या मधोमध, तिचा उजवा हात कपाळावर, आणि तिच्या मागे हातभर अंतरावर कशीबशी थांबलेली मोटार! बापाची खोड लेकीने तंतोतंत उचलली होती, आणि तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

ती पांढरीफटक पडून कडेला आली. आग्नेलने तिचा हात धरला.

"स्कूटरपण भंगारात देऊया का?" त्याने विचारलं.

रोझलिन आधी रडली, मग हसली. मग स्कूटर स्टँडला लावून बापाशेजारी उभी राहिली आणि तिने पहिल्यापासून खूण केली. सोमवारी भंगारवाला आला, तेव्हा त्याला फुटकी बादली मिळाली.

मित्रांनो, आता माझ्यातून ट्रिंग निघत नाही, नुसतं ठक् होतं. तरी ऐका. सायकलवर असाल तर डावीकडून चला, मधे येण्याआधी मागे बघा, दोन्ही हात हँडलवर ठेवा. मोटारीत असाल तर बाबांना सांगा, सायकलवाल्याला हातभर नाही, चांगली दोन हात जागा सोडा. त्या वळणावर बापलेक दोघंही आता उतरतात. त्याला अर्धं मिनिट लागतं. सॅन्टनकडे ते रोज असायचं; तुमच्याकडेही असेलच.