पाण्याला शिवलेले पाहुणे

दुधाने पोळलेल्याने ताक फुंकून प्यावे, हे शहाणपणच. परंतु फुंकता फुंकता दारी आलेले सत्यच परतवून लावावे, हा मात्र दोष होय. खाणीच्या तळाशी काळोख्या जलकुंडावर पहारा देणाऱ्या एका वृद्ध निरीक्षकांपुढे त्या दुपारी हाच प्रसंग उभा ठाकला.

दूरचा तारा फुटला, की त्याच्या प्रकाशाआधी काही तास न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण येऊन पोहोचतात. निरीक्षक त्यांना पाहुणे म्हणत. आले काय, आरपार गेले काय, पाण्याला म्हणून शिवत नाहीत! अगणितांत एखादा शिवलाच, तर कुंडात क्षीण निळी लकाकी उठते. अशा लकाक्या एकामागून एक आल्या, की पाच मिनिटांत जगभरच्या दुर्बिणींना वर्दी द्यावी, असा नियम.

अकरा वर्षांपूर्वी त्यांनी ती दिली होती. तारा निघाला नाही. निघाली कुंडाच्या झाकणाखाली विसरलेली, मिणमिणती विजेरी. ती तिथल्याच नळकारागिराची, म्हणजे त्यांच्या मेहुण्याची. जगभर हसे झाले, आणि तेव्हापासून दोघांत अबोला. निरोप तिसऱ्या सहकाऱ्याकरवी जात.

आज लकाक्यांची वर्दी देणारी घंटा खणखणली, तेव्हा तो तिसरा जेवायला गेला होता.

निरीक्षक शेजारच्या खोलीच्या दारात गेले आणि नळाला उद्देशून म्हणाले, "कोणाची विजेरी कुठे आहे, कोणी सांगेल काय?"

मेहुण्याने हातातल्या पान्याला उत्तर दिले, "ज्यांना हवं, त्यांनी तोंडाकडे बघून विचारावं."

तीन मिनिटे उरली. तारा मरून गेला, ह्यांचा मान मात्र जिवंत!

"अरे, तुझी विजेरी कुठे आहे?" निरीक्षक अखेर ओरडले.

"गळ्यात, भावोजी! ताईनं दोरी ओवून दिली. अकरा वर्षं झोपतानासुद्धा काढली नाही."

निरीक्षक वर्दीच्या कळीकडे वळले. "आणि कुंडाचं झाकण?"

"तुमच्या तोंडासारखं. घट्ट बंद."

"पुन्हा खोटं ठरलं तर?"

"तर या खेपेला हसं दोघांचं होईल. दाबा कळ!"

कळ दाबली गेली. तीन तासांनी दूरच्या डोंगरावरल्या दुर्बिणीकडून दूरध्वनी आला : "दिसला!"

निरीक्षकांनी दोन पेले पाणी भरले आणि एक मेहुण्यापुढे धरला. "घे बाबा. तू तरी पाण्याला शिव."

त्या विझल्या ताऱ्यास शांती लाभो, आणि ह्या दोघांच्या बोलण्यास दीर्घ आयुष्य.