छत्रीवरची घरपट्टी

"छत्रीवर सुदिक?" गंगम्मानं विचारलं. टँकरच्या रांगेत तिची रिकामी घागर काखेतच राहिली.

"मंग काय! धर्माबादला एका म्हाताऱ्यानं अंगणात छत्री उघडली. पालिकेच्या माणसानं टेप लावला, लिहून घेतलं अन् चालता झाला. महिन्यानं छत्रीची घरपट्टी आली. जिथं सावली, तिथं पट्टी."

रांग हसली. माझ्या थापांना हसायची गल्लीला सवयच होती. गंगम्मा हसली नाही.

लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, नोकरदार आले आणि आमच्या फुफाट्यातल्या खोल्यांनाही भाडेकरू मिळू लागले. नगरपालिकेनं फेरआकारणी काढली. पट्टीचा दर तोच, पण घराला भाडं किती येईल, ते नव्यानं धरायचं. म्हणजे बिल फुगणारच. पावसानं मात्र नवा जिल्हा अजून पाहिला नव्हता.

गंगम्माचा नवरा रेवणप्पा डाळमिलमध्ये हमाल होता. तो गेला तेव्हा घरामागं शेतच होतं. तिथंच त्याला पुरून समाधी बांधली. तिनं वर चार बल्ल्यांवर पत्रे टाकले होते. दुपारभर ती त्या सावलीत बसून मिलची डाळ निवडायची.

संध्याकाळी ती माझ्या दारात आली.

"भाऊ, मागच्या छपराला खोली धरतील का हो?"

"धरतील की! आत कोण ऱ्हातंय, तेबी लिहितील."

"अन् बिल न्हाई भरलं तर?"

"जप्ती."

"ह्यांच्या समाधीची?"

मी तोंड गंभीर केलं. माझं हसू नेहमी शेवटी यायचं. ते यायच्या आत ती निघून गेली.

सकाळी ठोकाठोक ऐकून मी मागं गेलो. गंगम्मा स्टुलावर चढून शेवटचा पत्रा उचकटत होती. खिळ्यानं तळहात फाटला होता.

"अवं गंगम्मा, मी गंमत केली! शपथेवर सांगतो."

"हाव. तुमी आता मला धीर द्यायलाव," ती म्हणाली आणि पत्रा खाली टाकला.

चौथ्या दिवशी भर दुपारी पालिकेचे साहेबराव टेप घेऊन आले. मी त्यांना गंगम्माच्या दारातच गाठून समाधीचं विचारलं.

"समाधी कुठं धरतो आम्ही?" ते म्हणाले. "घराचंच बिल जवळजवळ दुप्पट होईल. हरकत असेल तर अर्ज द्या म्हणावं."

आम्ही मागं गेलो. गंगम्मा समाधीशेजारी बसली होती. रेवणप्पाची जुनी छत्री तिनं समाधीवर धरली होती. स्वतः पूर्ण उन्हात.

साहेबरावांच्या हातातला टेप दिसताच तिनं घाईघाईनं छत्री मिटली आणि पदराखाली धरली. काड्या पदरातून वर आल्या.

"मावशी, उघडा ती. ऊन लई हाय," साहेबराव म्हणाले.

तिनं आधी माझ्याकडं पाहिलं. मग साहेबरावांकडं.

"बघून घ्या, साहेब," ती उभी राहून म्हणाली. "हितं सावली न्हाई."