काळी किनार आणि मचूळ विहीर

दिपालीला एक खोड होती. एखादी गोष्ट 'अशीच असते' असं कुणी म्हटलं की तिला चैन पडायचं नाही. भिवंडीजवळच्या वळ गावात सासरी येऊन सहा वर्षं झाली तरी खोड जाईना. सासू पुतळाबाई म्हणायची, "हिच्या पुढ्यान उत्तर ठेवलं, तर ही त्याला पन इचारंल, तू का आलास?"

या खेपेला प्रश्न गोधडीचा होता. धाकटी बहीण करिष्मा कल्याणला बाळंत झाली होती आणि बारशाला आठवडा उरला होता. दोघींची आई दोन वर्षांपूर्वी गेली. मागे तिची एकच साडी राहिली, फिकी दुधी, धुऊन धुऊन मऊसूत झालेली. बाळाला आजीची ऊब मिळायची ती आता या साडीतूनच, असं दिपालीने मनाशी धरलं होतं. पण नुसतं पांढरं बाळाला देत नाहीत. दृष्टीसाठी काळी किनार हवीच. घरात जुनं काळं काही सापडेना. मग नवरा दीपेश नारपोलीहून नवं काळं कापड घेऊन आला. तो तिथे लूमवर कामाला होता, आणि भिवंडीत नव्या कापडाला काय तोटा?

इथेच घोडं अडलं. गोधडी जुन्याची करतात. जुन्या कपड्याचा जायचा तो रंग केव्हाच गेलेला असतो. हे नवं काळं पहिल्याच धुण्यात आईच्या साडीवर उतरलं तर? दुसरी साडी कुठून आणायची?

"मीठ टाक पान्यान," पुतळाबाई म्हणाली. तिचं माहेर मिठागरातलं. "मिठानं सुधारला न्हाय असा एकच, तुझा सासरा."

दिपालीने मिठाच्या पाण्यात कापड बुडवलं, चांगलं चुबकलं. पाणी होतं तसंच नितळ. पुतळाबाईने विजयी मुद्रेने पानाचा विडा तोंडात टाकला. दुसरी कुणी असती तर लगेच सुईत दोरा ओवला असता. दिपालीने मात्र त्याच कापडाची एक पट्टी कापली, साध्या नळाच्या पाण्यात भिजवली आणि पांढऱ्या चिंधीत गुंडाळून ठेवली. तासाभराने उलगडलं तर चिंधी जांभळी झाली होती.

"काळ्यातून जांभळं कसं आलं हो, आत्या?" ती सासूला आत्या म्हणायची.

पुतळाबाईचं लक्ष त्याकडे नव्हतं. तिचा चेहरा उतरला होता. "चालीस वर्सं धुनी धुतली मी. माझ्या हातनं कंदी रंग सुटला न्हाय."

सासू खोटं बोलत नव्हती, हे दिपालीला ठाऊक होतं. चिंधी तर समोरच होती. दोघी खऱ्या, मग फरक कुठे पडला?

"आत्या, तुम्ही धुणी धुवायच्या कुठं?"

"खाडीकडच्या हिरीवर. मचूल पानी. प्यायला न्हाय, धुन्याला."

झालं, दिपालीने कळशी उचलली आणि पुतळाबाईला घेऊन निघाली. विहीर आता एका गोदामाच्या भिंतीमागे गेली होती. वॉचमनने हटकलं, "अम्मा, ये पानी पीने का नहीं है." पुतळाबाई फणकारली, "पीना किसको है? तू दरवाजा खोल."

घरी येऊन दुसरी पट्टी विहिरीच्या पाण्यात भिजवली, नव्या चिंधीत गुंडाळली. चिंधी पांढरीच राहिली. दिपालीने आनंदाने टाळी वाजवली. मीठ रंग पक्का करत नव्हतं, नुसता आत बसवून ठेवत होतं! गोडं पाणी लागलं की तो बाहेर निघायला मोकळा.

टाळी वाजवली आणि लगेच तिला वाईट वाटलं. पुतळाबाई भिंतीला टेकून बसली होती.

"म्हंजी रंग पक्का नव्हताच," ती हळू म्हणाली. "पानीच खारं व्हतं."

विहीर काही कल्याणला पाठवता येत नव्हती. तिथे करिष्माच्या घरी नळाचंच पाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळाबाईने कुणाला न विचारता बंब पेटवला. काळं कापड कढत पाण्यात साबण घालून धुतलं, बादल्याच्या बादल्या गोड्या पाण्यात खळबळलं आणि पुन्हा धुतलं. दिपाली मदतीला गेली तर तिने हात झटकला. "मिठाची चूक माझी. निस्तरीन पन मीच." आठव्या खेपेला पाणी नितळ राहिलं. चिंधीत गुंडाळून पाहिलं, दोनदा पाहिलं. मग चार दिवस दोघींनी समोरासमोर बसून टाके घातले.

बारशाच्या आदल्या दिवशी गोधडी एकदा धुऊन काढायची होती. बादली भरून ठेवली, पण दिपालीचे हात पुढे होईनात. आत एकदा बुडवली की मागे घेता येणार नव्हती. तिला आईची इतकी आठवण आली की डोळे भरून आले.

"थांब," पुतळाबाई म्हणाली. तिने वाकून बादलीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"काय बघता, आत्या?"

"मी रातच्याला उठून मीठ तं न्हाय ना टाकलं, ते बघते. माझा भरवसा न्हाय." तिने थू केलं. "अलनी हाय. तुझ्या आयशीचा पदर हाय, तूच बुडव."

दिपालीने गोधडी पाण्यात दाबली. दोघी बादलीवर वाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या. काळी किनार काळी राहिली. आईची साडी दुधीच राहिली.