राजूबाईची जबानी

"कोर्टात विचारलं तर म्हणायचं, माझ्यानं काहीच काम होत नाही," वकील अच्युतरावांनी पुन्हा एकदा बजावलं.

राजूबाई त्यांच्या ओट्यावर ताठ बसली होती. "पन व्हतंय की, वकीलसाब. धुनं धुते, भाकरी थापते. खोटं कामून बोलू?"

"कारण मालकाचा वकील नेमकं तेच विचारणार आहे."

गुलबर्ग्याच्या एका कापसाच्या जिनिंग गिरणीत राजूबाई सरकी काढायच्या यंत्रावर कामाला होती. गेल्या सुगीत यंत्राच्या पट्ट्यात सापडून तिचा उजवा हात कोपरापासून गेला. ती दवाखान्यातून परत येईतो मालकानं दिवाळ्याचा अर्ज दिला होता, आणि कापसाचे व्यापारी, सावकार वाट्यासाठी कोर्टात धावले होते.

"मोठ्यांच्या पंगतीत आपल्याला कोन वाढतंय?" नवरा राघोबा म्हणाला. "चल गावाकडं, मादन हिप्परग्याला. शेताच्या राखनीला बस."

ती गेली नाही. कामावर इजा झाली तर मजुराला भरपाई मिळते, असा कायदा निजामाच्या मुलखात नुकताच आल्याचं तिनं बाजारात ऐकलं होतं. विचारत विचारत तिनं अच्युतरावांचं घर गाठलं.

"मालक बुडाला तरी गिरणी उभी आहे," ते म्हणाले. "ती विकली की तुमची भरपाई आधी, सावकार मागून. माझ्या फीचं नंतर बघू."

सुनावणीला मालकाचा वकील गोड आवाजात विचारू लागला, "बाई, घरी स्वयंपाक कोण करतं?"

"म्या."

"भाकरीसुद्धा?"

"म्याच थापते."

"एका हातानं?"

"मग काय पायानं थापू?"

कचेरीत हशा पिकला. अच्युतरावांनी डोळे मिटून घेतले. मालकाच्या वकिलानं मुन्सफांकडे वळून उर्दूत सांगितलं, की जी बाई घर चालवते, ती अपंग कसली?

राजूबाईला ते सगळं कळलं. गिरणीत निम्मं बोलणं त्याच भाषेत चालायचं. "हुजूर, एक बात पूछूं?" तिनं विचारलं. मुन्सफांनी मान हलवली. साक्षीला आलेले गिरणीचे मॅनेजर श्रीपतराव समोरच बसले होते. ती त्यांच्याकडे वळली.

"श्रीपतअण्णा, मला समदं जमायलंय म्हनतेत हे. मग गिरणी घेनाऱ्या नव्या मालकाला सांगून यंत्रावर ठेवताव का मला? न्हाई तर दुसऱ्या गिरणीत शब्द टाकताव का?"

श्रीपतरावांनी टोपी सारखी केली. "एका हाताच्या बाईला यंत्रावर कोण उभं करील?"

अच्युतराव ताडकन उठले. "हुजूर, हे उत्तर लिहून घ्यावं!"

निकाल राजूबाईच्या बाजूनं लागला. बाहेर आल्यावर अच्युतराव कपाळ पुसत म्हणाले, "घाम काढलात तुम्ही माझा."

"थापते ते थापतेच म्हनाव लागतंय, साब," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच मोकळं हसली.

गिरणीचा लिलाव झाला. राजूबाईच्या वाट्याचं तिला मिळालं; तिनं दोन म्हशी घ्यायचं ठरवलं. गावी जायच्या दिवशी ती एकटीच गिरणीच्या फाटकाशी गेली. यंत्रं बैलगाड्यांवर चढत होती. तिचं यंत्र दोन हमालांनी उचललं तेव्हा एकानं यंत्राच्या दोन रुळांमधल्या फटीत बोटं घातली.

"अण्णा, तिथनं हात काढ," ती ओरडली. "खालनं धर."

ही कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण त्यानं हात काढला आणि खालून धरलं. यंत्र गाडीवर बसलं. राजूबाई बाजूला झाली, गाडीला वाट दिली.