नमुन्याचे नाणे

पाचाचे नाणे खाचेत गेले, आत खुळखुळले आणि खालच्या वाटीत परत येऊन पडले. प्रवीणने ते उचलून पुन्हा टाकले. पुन्हा तेच. सौंसरच्या बसस्टँडवरच्या पाण्याच्या एटीएमपुढे रिकाम्या कॅन घेऊन उभी असलेली माणसे त्याच्याकडे अशा नजरेने पाहत होती, जणू ते नाणे त्यानेच घरी पाडून आणले आहे.

शेजारच्या चहावाल्या अरविंदने तर केव्हाच निकाल देऊन टाकला होता. पाचाची नवी नाणी नकली आहेत, नाहीतर मशीनने घेतली नसती का? या भागात दहाच्या नाण्याची आधीच बदनामी झालेली. बँकेने पाटी लावली, पेपरात छापून आले, तरी बाजारात भाजीवाली ते हातात धरायला तयार नाही. आता पाचाची पाळी आली होती. अरविंदने गिऱ्हाइकांकडून नवी नाणी घेणे बंद केले होते, आणि त्याचे पाहून बाकीच्या टपऱ्यांनीही.

प्रवीणने कुलूप काढून पेटी उघडली. नागपूरच्या एका एजन्सीसाठी तो गावोगावच्या अशा पेट्या दुरुस्त करत फिरायचा, आणि पेटी उघडली की भोवती गर्दी जमते हे त्याला सवयीचे होते. आत गेलेले नाणे आधी एका छोट्या पाळण्यात बसते. हलके असेल तर पाळणा झुकत नाही, नाणे बाजूच्या वाटेने बाहेर येते. वजन भरले तर पाळणा झुकतो आणि नाणे उतारावरून घरंगळत तारेच्या गुंडाळीतून जाते. तिथे शेजारी एक नाणे कायमचे बसवून ठेवलेले असते, त्याला नमुना म्हणतात. येणारे नाणे नमुन्यासारखे असले तर पाण्याची वाट उघडते, नसले तर नाणे परत. या पेटीतला नमुना जुन्या पाचाचा होता, पिवळा, जरा लहान, वर्षानुवर्षे अंधारात बसून काळवंडलेला.

"हिले खरं-खोटं काहीच नाही समजत, अरविंदभाऊ," प्रवीण म्हणाला. "हिच्या पोटात जे बसवलं, तेवढंच हे ओळखते."

मग दोन्ही बसव की, असे अरविंदचे म्हणणे पडले. पण जागा एकाचीच होती. प्रवीणने नगरपालिकेच्या माणसाला फोन करून विचारले आणि नवे नाणे नमुन्याच्या जागी बसवले. नवी नाणी सुरळीत जाऊ लागली. थोड्या वेळाने एका बाईचे जुने नाणे परत आले, तेव्हा अरविंदने हातातली चहाची किटली खाली ठेवून जाहीर केले, की म्हणजे नकली जुनीच होती. प्रवीणला हसू आले असते, पण तेवढ्यात करुणाचा फोन आला.

करुणा ही त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती बोरगावला माहेरी परतली होती, तिथल्या अंगणवाडीत काम करायची आणि आईला सांभाळायची. ती फोनवर रडत नव्हती, आणि त्याचीच प्रवीणला जास्त भीती वाटली. कवडू उद्या सकाळच्या गाडीने पिथमपूरला निघतोय, कारखान्यात लागलाय, एवढे तिने सांगितले. मग म्हणाली, "माय त्याच्याच हातानं जेवते, दादा. उद्यापासून काय करू, ते तू सांग."

त्यांच्या आईला, मनकर्णाबाईंना, गेली काही वर्षे विसर पडत चालला होता. आधी भांडी कुठे ठेवली ते विसरल्या, मग शेजारणींची नावे, मग करुणा. करुणाला त्या दवाखान्यातली नर्स समजत. एकदा करुणाने गोळी कुटून वरणात घातली, ती कडू लागली, आणि तेव्हापासून नर्सबाईच्या हातचा घास त्यांनी तोंडाला लावला नाही. दोन दिवस उपाशी काढले. तिसऱ्या दिवशी समोरच्या घरातला कवडू बादली परत द्यायला आला. किडकिडीत अंग, ताठ उभे केस, विरळ मिशी. मनकर्णाबाई त्याला पाहून उठून बसल्या. "आला का परवीन," म्हणाल्या, त्याला जवळ बसवून घेतले आणि त्याच्या हातून अर्धी भाकर खाल्ली. त्या दिवसापासून कवडू कापसाच्या जिनिंगवर कामाला जाण्याआधी आणि परत आल्यावर न चुकता येत होता. पगार नाही, नाते नाही. माणूस चांगला, म्हणून येत होता.

खरा प्रवीण गेल्या बुद्धपौर्णिमेला आला होता, पेढे घेऊन. पुढचे केस विरळ झालेले, उरलेले पांढरे, पोट सुटलेले. आईने त्याला आदराने विचारले, कोणाकडे आलात. त्याने तिचा हात हातात घेतला तेव्हा ती इतकी किंचाळली, की शेजारची माणसे धावत आली. तेव्हापासून तो पैसे पाठवत होता आणि यायचे टाळत होता. कामाचा ताण असतो, असे तो करुणाला सांगायचा आणि तीही ऐकून घ्यायची.

अवजारांची पिशवी खांद्याला लावून तो बोरगावच्या गाडीकडे निघाला, आणि वाटेतल्या सलूनपाशी थांबला. त्याच्या डोक्यात जे आले ते एखाद्या मेकॅनिकलाच सुचावे. नागपूरला नोकरीवर गेला तेव्हाचा प्रवीण आईच्या मनात बसलेला आहे, आणि आता ती कोणालाही त्याच्याशीच ताडून पाहणार. तो नमुना काही बदलता येत नाही. मग बदलायचे ते नाण्यानेच. त्याने केस काळे करायला सांगितले, मिशी कातरून बारीक करायला सांगितली, आणि कपाळावरचे राहिलेले केस पुढे ओढून ताठ उभे करायला लावले. न्हाव्याने आरशातून त्याच्याकडे पाहत विचारले, पोरीला पाहायला पाहुणे येऊन राहिले का जी? प्रवीण हो म्हणाला. खरे सांगण्याइतके बळ त्याच्यात नव्हते.

करुणाने दारात त्याला पाहिले आणि पदर तोंडावर धरला. ती हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि ती आत निघून गेली. अंगणात कवडू बसला होता, तो उठून उभा राहिला. "जयभीम, भाऊ," म्हणाला, आणि मग अपराध्यासारखा बोलत राहिला, की मी नसतो गेलो, पण इथे जिनिंग चार महिने चालते आणि मग बसूनच राहावे लागते, लग्नाचे पण पाहून राहिले घरचे. प्रवीणने त्याच्या पाठीवर हात ठेवला. जा म्हणाला. या पोराने आपल्या आईला जगवले, हे त्याला कळत होते. तरी आईने ज्याला परवीन म्हणून हाक मारली त्याचा त्याला राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

करुणाने ताट वाढले. भाकर, वांग्याची भाजी, थोडा भात. ते घेऊन प्रवीण आत गेला. मनकर्णाबाई खाटेवर बसून लुगड्याच्या काठाला चुण्या पाडत होत्या. त्यांची काडीसारखी झालेली मनगटे पाहून त्याला क्षणभर पुढे जाववेना.

"माय, मी परवीन," तो म्हणाला. "जेवतं ना?"

त्यांनी वर पाहिले. त्याच्या केसांकडे, मिशीकडे, मग पुन्हा केसांकडे. त्यांच्या कपाळावर आठी उमटली आणि त्या दाराकडे वळल्या.

"नर्सबाई, हा माणूस कोण होय? माह्या पोराचं नाव लावून आला."

प्रवीणने ताट खाली ठेवले. तो मग सांगत सुटला. लहानपणी संत्र्याच्या बागेत कुंपणावरून पडलो होतो, तू मला खांद्यावर टाकून सौंसरला दवाखान्यात नेले होते. नोकरीवर गेलो तेव्हा तू वाटेत खायला तिळाची चटणी बांधून दिली होती. बाबा गेले त्या रात्री आपण तिघे एका चादरीत निजलो होतो. त्याने बाही वर करून कोपराची खूण दाखवली. मनकर्णाबाईंनी ती खूण नीट पाहिली, बोटानेही चाचपली.

"हे सारं त्यानं तुमाले सांगतलं असंन," त्या म्हणाल्या. "लय भोळा हाय तो. कोणालेही सांगत बसते." आणि त्यांनी ताट हाताने दूर लोटले.

बाहेर आल्यावर करुणा म्हणाली, कवडूला बोलावते, आजचा दिवस तर जाऊ दे. प्रवीण नाही म्हणाला. उद्या काय, या प्रश्नाला कवडू आज पुरा पडणार नव्हता. त्याने हातपंपावर तोंड धुतले. डोक्यावरून पाणी घेतले तसा काळा ओघळ मानेवरून शर्टाच्या कॉलरवर उतरला. मग तो दारापुढच्या ओट्यावर पिशवी शेजारी ठेवून बसून राहिला. सूर्य कलला, बागांकडून कामावरच्या बाया परत येऊ लागल्या. त्याने सकाळपासून काही खाल्ले नव्हते, पण भुकेपेक्षा त्याला थकल्यासारखे वाटत होते. आई मेली असती तर माणूस निदान रडतो, असे त्याच्या मनात आले, आणि त्याने जोरात मान हलवली.

मागे पावले वाजली. मनकर्णाबाई भिंतीला धरत दारापर्यंत आल्या होत्या. ओल्या केसांच्या, काळे ओघळ आलेल्या त्या माणसाकडे त्या पाहत राहिल्या. मघाचे काही त्यांच्या ध्यानात उरले नव्हते.

"कोण गावचे जी तुमी?"

प्रवीणने तोंड उघडले. नाव ओठांवर आले होते. ते त्याने गिळले.

"नागपूरहून आलो," तो म्हणाला. "सौंसरले पाण्याची मशीन सुधराले आलो होतो."

"मंग इथं काहून बसले? जेवले का?"

"नाही जेवलो."

मनकर्णाबाईंच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी लगबग दिसली. या घरच्या ओट्यावर बसून कोणी उपाशी गेल्याचे गावाने कधी पाहिले नव्हते. घरात दाणा नसायचा तेव्हाही शेजारून पीठ उसने आणून त्यांनी वाटसरूला भाकर घातली होती. त्यांनी नर्सबाईला ताट करायला सांगितले, पाहुण्याला आत घेतले, पाट मांडायला लावला. करुणाने वाढले. प्रवीण पाटावर बसला आणि ताटाला हात न लावता तसाच राहिला.

"घ्या ना जी," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"घरचं मानूस संग बसल्याबगर पाहुण्यानं कसं खावं?" तो म्हणाला.

रीत त्यांचीच होती. नवरा घरी नसला की त्या स्वतः पाहुण्यासमोर चतकोर भाकर घेऊन बसत, म्हणजे त्याला संकोच वाटत नसे. त्या हळूहळू खाली बसल्या, लुगडे सावरले आणि करुणाकडे पाहून म्हणाल्या, मलेही वाढ थोडं. तिने ताट ठेवले आणि चुलीकडे तोंड करून उभी राहिली.

प्रवीणने एक घास घेतला. मनकर्णाबाईंनी घेतला. तो थांबला की त्या थांबत, म्हणून तो थांबला नाही. भाजी चांगली झाली म्हणून त्याने भाकर मागून घेतली आणि अर्धी मोडून त्यांच्या ताटात ठेवली. त्यांनी ती बिनबोभाट खाल्ली.

"घरी कोण कोण हाय?" त्यांनी विचारले.

"बायको हाय. पोरगी हाय. माय हाय."

"जेवते का बराबर, माय?"

प्रवीणने ताटातला भात एका बाजूला गोळा केला. "मधात जेवत नव्हती," तो म्हणाला. "आता जेवून राहिली."

"पोरगा जवळ बसला का माय जेवते," मनकर्णाबाई जाणतेपणाने म्हणाल्या. "तुमी बसत जा तिच्याजवळ."

तो हो म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारले, की सौंसरचे काम अजून पुष्कळ दिवस चालणार आहे, रोज या वेळी जेवायला आलो तर चालेल का? एजन्सीच्या मालकाला सांगून सौंसर-पांढुर्ण्याचा भाग मागून घ्यावा लागेल, घरी समजवावे लागेल, हे सगळे तो विचारता विचारताच मनात ठरवत होता. सकाळच्या जेवणाचे काय, ते त्याला अजून सुचले नव्हते.

"या ना," त्या म्हणाल्या. "एका मानसाची भाकर काही जड नाही."

त्यांनी भाताचा शेवटचा घासही संपवला, ताटात पाणी घेऊन हात धुतला आणि बाहेर दाटत चाललेल्या अंधाराकडे पाहिले. त्यांच्या तोंडावर काळजी दिसली.

"पन आता निघा जी. तुमची माय वाट पाहून राहिली असंन."

प्रवीण उठला. पिशवी खांद्याला लावली. त्याला पोचवायला त्या भिंत धरत दारापर्यंत आल्या आणि चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"सांभाळून जाजा," त्या म्हणाल्या.

आपल्या घराच्या पायऱ्या उतरून तो रस्त्याला लागला. रात्री कुठे निजायचे ते ठरलेले नव्हते. पण त्या दारात उभ्या राहून पाहत होत्या, म्हणून तो वळणापर्यंत न थांबता चालत गेला.